छर्रे, फाळ आणि काळी माती

वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याने निघाले की देवळी लागते. भोवतालची जमीन काळी, कपाशीची. उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगांत हातभर काठी सहज जाते. पावसाच्या दोन चांगल्या सरी झाल्या की तीच माती पायाला, चाकाला, वखराच्या पासेला धरून बसते. अशा दिवसांत जाणता शेतकरी औत बाहेर काढत नाही. तो वापशाची वाट पाहतो. मूठभर माती दाबून बघायची. गोळा होऊन हाताला चिकटली तर थांबायचे, बोटांत सहज फुटली तर बैल जुंपायचे. घर्षणाचे शास्त्र जगात कुठे लिहिले जाण्याआधीपासून ही परीक्षा चालत आली आहे.

या मातीत लोखंडाचा नांगर चालवायचा, आणि तोही इथल्याच कारखान्यात ओतलेला, असा उद्योग ज्या माणसाने उभा केला ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. मुलाला चित्रे काढण्याची आवड. शिक्षणासाठी तो मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात गेला आणि तिथे लक्षात आले की काही रंगांतला फरक त्याच्या डोळ्यांना नीट कळत नाही. हे रंगांधत्व बहुधा जन्मजात असते. त्याचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो आणि पुरुषांत ते एकच असल्याने हा प्रकार बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो. त्याला औषध नाही. लक्ष्मणरावांनी रंगकाम सोडले आणि यंत्रांची रेखाचित्रे काढण्याकडे वळले. तिथे रंग लागत नव्हता, रेघ लागत होती. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. शिकवता शिकवता तिथल्या कारखान्यात यंत्रे खोलणे आणि जोडणे हा त्यांचा खरा अभ्यास झाला.

मुंबईत त्या काळी सायकल ही नवलाची आणि महागडी वस्तू होती. लक्ष्मणराव सायकल शिकले, आणि बेळगावला असलेले त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकली विकण्याचा धंदा सुरू झाला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत, रामूअण्णा त्या विकत आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवत. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव या दुकानाचे. १८९७ साली बढतीत डावलले गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते कायमचे बेळगावला आले.

सायकल दुरुस्त करणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात कळणारी एक गोष्ट आहे. पुढचे चाक उचलून बोटाने फिरवले तर ते किती तरी वेळ फिरत राहते. बैलगाडीचे चाक असे फिरत नाही. दोन्ही चाके गोल, दोन्ही जमिनीवर गडगडतात. मग फरक कुठे? तो तुंब्याच्या आत आहे.

बैलगाडीचे चाक जमिनीवर लोळते हे खरे, पण तुंब्याच्या आत लोखंडी आसावर ते घासतच फिरते. म्हणजे गाडीने घर्षण घालवलेले नसते, रस्त्यावरून उचलून आत नेऊन ठेवलेले असते. त्यातही फायदा मोठा आहे. चाक चार फूट उंच आणि आस दीड-दोन इंच जाड असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी साडेबारा फूट पुढे जाते आणि आसाशी घासणे जेमतेम पाच-सहा इंचांचे होते. अडथळा पंचवीस-तिसाव्या हिश्शावर येतो. उरलेल्यासाठी गाडीखाली वंगणाचा नळा लटकलेला असतोच. वंगण संपले की गाडी कुरकुरते आणि बैलाच्या खांद्याला ते लगेच कळते.

सायकलच्या चाकात मात्र आस आणि तुंबा यांच्यामध्ये छर्रे असतात. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे याने अशा बेअरिंगचे पेटंट १८६९ सालीच घेतले होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पॅरिस ते रुआँ ही सायकल शर्यत जेम्स मूर याने छर्‍यांच्या सायकलवर जिंकली. पुढे १८८३ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रीड्रिख फिशर याने पोलादी गोळ्या एकसारख्या गोल घासणारे यंत्र केले आणि छर्रे स्वस्त झाले. तुंब्यातले शेवटचे घासणेही आता लोळण्यात बदलले होते. बेळगावच्या दुकानात सायकल आली ती हे सगळे पोटात घेऊन.

लोळण्यात एवढी बचत का होते, याचे उत्तर डोळ्यांना दिसत नाही. आरशासारखा घासलेला पोलादाचा पृष्ठभागही सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांचा प्रदेश असतो. दोन असे पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले म्हणजे सह्याद्री उलटा करून सातपुड्यावर ठेवल्यासारखे होते. फक्त काही शिखरे टेकतात. एक किलो वजनाचा मऊ पोलादाचा ठोकळा पोलादी पाटावर ठेवला, तर त्याचा तळ तळहाताएवढा असला तरी धातूला धातू खरोखर टेकतो तो चौरस मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागात. इतक्या लहान जागेवर सगळा भार आल्याने ती शिखरे चेपतात आणि एकमेकांना चिकटतात, अक्षरशः थंड सांधा बसावा तशी. ठोकळा सरकवायचा म्हणजे हे सगळे सांधे एकाच वेळी आडवे कातरायचे. कातरले की पुढे लगेच नवे तयार होतात. केंब्रिजच्या बौडन आणि टेबर या दोघांनी हे चित्र पक्के केले ते विसाव्या शतकाच्या मध्याला. त्यांचा ग्रंथ १९५० सालचा. फ्रान्सच्या कुलोंबने दीडशे वर्षांहून आधी घर्षणाचे नियम मोजून मांडले होते, पण ते का लागू पडतात हे त्याला सांगता आले नव्हते.

आता तोच भार छर्‍यावर द्या. छर्रा पुढे लोळतो तेव्हा मागच्या कडेचे सांधे आडवे कातरले जात नाहीत. चिकटपट्टी एका टोकाने उचलून काढावी तसे ते सुटतात. चिकटपट्टी सबंधच्या सबंध आडवी ओढून बघितली तर हा फरक हाताला कळतो. पुढच्या कडेला नवे सांधे बसतात, मागच्या कडेला जुने सुटतात आणि मध्ये कुणी फरफटत नाही.

म्हणजे लोळणे फुकट आहे असे मात्र नाही. भाराखाली छर्रा आणि त्याची वाटी दोन्ही किंचित दबतात. मागे सोडलेला भाग परत वर येताना दाबायला घेतलेली सगळी शक्ती परत देत नाही. थोडी उष्णता होऊन जाते. रबरी टायर चालून गरम होते ते मुख्यतः याच कारणाने. शिवाय टेकलेला ठिपका वाटीत वक्र बसलेला असतो, त्यामुळे त्याच्या काही भागात बारीकसे घसरणेही होतेच. लोळताना थोडे घसरणेही होते हे इंग्लंडच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८७६ मध्ये दाखवले होते. हे सारे धरूनही आकडे बोलके आहेत. कोरड्या पोलादावर शंभर किलोचे पोलाद सरकवायला पन्नास ते ऐंशी किलोचा जोर लागतो, वंगण असेल तर दहा किलोच्या आसपास, आणि चांगल्या बेअरिंगमध्ये शंभर-दोनशे ग्रॅम.

सायकलीच्या धंद्यात लक्ष्मणरावांची गाडी अडली नव्हती, पण त्यांना वस्तू विकायची नव्हती, करायची होती. पहिली केली ती कडबा कापण्याचे यंत्र. मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. इथे छर्‍यांचा काही उपयोग नव्हता. फाळ जमिनीत लोळत नाही. तो घासतो, इंचन् इंच घासतो, आणि त्याला घासण्यावाचून दुसरे कामच नसते. सायकलीत घर्षणावर मिळवलेला विजय नांगरापाशी येऊन थांबला.

लाकडी नांगर माती चिरतो. लोखंडी नांगर ती खालून कापतो आणि वाकड्या पत्र्यावरून चढवून उलटी करतो. हरळी आणि कुंदा मुळासकट वर येतात, म्हणून त्याचे मोल. पण त्यासाठी मातीची सबंध पट्टी त्या पत्र्यावरून सरकत गेली पाहिजे. कोरड्या मातीत कण लोखंडाला खरवडतात, एवढेच. ओल वाढली की प्रत्येक कण आणि लोखंड यांच्यामध्ये पाण्याचा एक कमरेत बारीक झालेला थेंब तयार होतो आणि तो दोघांना एकमेकांकडे ओढतो. काळ्या मातीतले चिकणकण पापुद्र्यांसारखे सपाट आणि अतिशय बारीक असतात, त्यामुळे चिमूटभर मातीतही असे थेंब अगणित. माती पत्र्याला चिकटते, मग मातीवर माती घासू लागते आणि बैल थांबतात. आणखी पाणी वाढले तर तेच पाणी वंगण होते आणि पाय घसरतो. वापसा म्हणजे चिकटण्याची अवस्था ओसरल्यानंतरची आणि ढेकूळ घट्ट होण्याआधीची मधली खिडक. बेळगावभोवती, कृष्णाकाठी किंवा वर्ध्याकडे, काळ्या जमिनीचा हा स्वभाव एकच.

अमेरिकेत इलिनॉयच्या चिकट मातीत ओतीव लोखंडाचे नांगर असेच अडकत. तिथे जॉन डीअर नावाच्या लोहाराने १८३७ मध्ये घासून चकचकीत केलेल्या पोलादाचा नांगर केला आणि माती सुटू लागली. खरखरीत पृष्ठभागाच्या खाचांत मातीला ठाण मांडायला जागा मिळते, गुळगुळीत पृष्ठभागावर कमी. म्हणूनच गंजलेला नांगर हंगामाच्या पहिल्या दिवशी जड जातो आणि चार तास चालून चमकू लागला की हलका होतो. नांगर ठेवताना त्याच्या पत्र्याला तेल फासून ठेवायचे ते याच कारणाने. फक्त टिकावा म्हणून नव्हे.

पण लक्ष्मणरावांपुढचा अडथळा मातीचा नव्हताच आधी. लोखंडाने जमिनीत विष पसरते, पीक बिघडते, अशी समजूत होती. सुमारे दोन वर्षे नांगरांना गिऱ्हाईक मिळेना. ओतलेला माल पडून, भांडवल अडकलेले. या समजुतीला हसणे सोपे आहे. ज्याच्याकडे एकच हंगाम असतो, त्याने नव्या औताला आधी दुसऱ्याच्या शेतात चालू द्यावे यात वेडगळ काहीच नाही. शिवाय मोठा नांगर ओढायला बैलांची एक जोडी पुरत नसे. चुकला तर खर्च शेतकऱ्याचाच. शेवटी विक्री झाली ती नांगरलेली शेते शेजाऱ्यांनी बघितल्यावर.

बैलांच्या बाजूनेही हा हिशेब मांडायला हवा. ओढ वाढली की जू खांद्यावर जास्त दाबते आणि मागेपुढे सरकते. घामाने ओली कातडी जुवाला चिकटते. मातीसारखेच इथेही: अर्धवट ओल घर्षण वाढवते. वरचा थर जुवाबरोबर जातो, आतला जागेवर राहतो, आणि मधे फाटून पाणी भरते. बैलाचा खांदा येतो तो असा. नव्या बुटाने माणसाच्या टाचेला फोड येतो तोही अगदी असाच, आणि म्हणून लांब चालताना मोजे कोरडे ठेवण्याला महत्त्व आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलाच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात. तो मान आहे आणि वंगणही आहे.

नांगराचा धंदा जरा रांगेला लागतो तोच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा मागितली. तिथे वस्ती वाढवायची होती. भट्टी, यंत्रे, माणसे घेऊन जायचे कुठे? औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी लक्ष्मणरावांना ओळखत होते. औंधात त्यांनी लक्ष्मणरावांना बांधकामाचे काम दिले होते. आपल्या संस्थानात जागा आणि बिनव्याजी दहा हजार रुपये त्यांनी देऊ केले. १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना उभा राहू लागला. माळ निवडुंगाचा आणि सापांचा. तिथेच आजची किर्लोस्करवाडी आहे, आणि स्टेशनही पुढे त्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

चार वर्षांत पहिले महायुद्ध आले. परदेशी नांगर येणे थांबले, म्हणून मागणी वाढली. परदेशी कोळसा आणि लोखंडही थांबले, म्हणून मागणी पुरवायची कशी हा प्रश्न. दगडी कोळशाऐवजी लोणारी कोळसा वापरला गेला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडच्या जुन्या तोफा वितळवून नांगर केल्याची हकिगत महाराष्ट्रात अजून सांगितली जाते. १९२० मध्ये कारखान्याची मर्यादित कंपनी झाली. उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रे, रहाट, पंप अशी यादी वाढत गेली. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये यंत्रविद्या शिकून आले.

वर्ध्याशी या कारखान्याचा धागा जुळतो तो चरख्यामुळे. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी कडक होत्या. चरखा हाताने किंवा पायाने चालावा, झोपडीत मावावा, बाईला सलग आठ तास फार दमणूक न होता चालवता यावा, आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघावे, किंमत दीडशे रुपयांच्या वर नसावी, तो वीस वर्षे टिकावा. यातली दमणुकीची अट म्हणजे निव्वळ घर्षणाची अट. बोटाएवढीही जाड नसलेली चाती मिनिटाला हजारो फेरे घेते. ती बारीक असते म्हणूनच आपल्या टेकूत घासूनही कमी खाते. बैलगाडीच्या आसाचाच हिशेब. किर्लोस्करवाडीत काळे यांच्या आराखड्यावरून केलेला चरखा स्पर्धेत उतरला आणि त्याची बरीच चर्चा झाली. अटी मात्र कोणाच्याच यंत्राने पुऱ्या केल्या नाहीत आणि बक्षीस कोणालाही मिळाले नाही. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला मगनवाडीत आणि १९३६ मध्ये सेवाग्रामला आले. चरख्यावरचे प्रयोग पुढे या परिसरात चालू राहिले.

घासून फिरण्याला नेहमीच कमी लेखू नये, हे शरीर दाखवते. गुडघ्यात मांडीचे हाड नडगीच्या हाडावर लोळते आणि सरकतेही. नुसते लोळले असते तर पूर्ण बैठक मारताना ते मागच्या काठावरून खाली पडले असते, कारण नडगीच्या हाडाची वरची बैठक लहान आहे. म्हणून शरीराने सरकणे टाळले नाही, ते स्वस्त केले. ओलसर कूर्चा आणि सांध्यातला द्रव मिळून निरोगी सांध्यातले घर्षण छर्‍यांच्या बेअरिंगच्या तोडीला आणतात. दाब आला की कूर्चेतले पाणी भार उचलते आणि कूर्चेवर कूर्चा घासत नाही. तासन्‌तास एकाच अवस्थेत बसल्यावर पहिली चार पावले जड जातात, त्याला स्नायू आखडणे कारण असतेच. पण कूर्चेला पाणी पुन्हा शोषून घ्यायला हालचाल लागते हेही खरे.

आणि फार खालच्या पातळीवर तर लोळणे हेच श्रेष्ठ असा नियमही राहत नाही. १९९९ मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या ग्राफाइटवर सुईच्या टोकाने ढकलून पाहिल्या. नळीतल्या अणूंची रांग ग्राफाइटच्या अणूंच्या रांगेत दातात दात बसावा तशी जुळली की नळी लोळे. जरा फिरवून रांग मोडली की तीच नळी सरके. वरवंटा कुठे लोळेल आणि कुठे घसरेल हे तिथे वरवंट्याच्या गोलपणावर नाही, पाट्याच्या टाक्यांवर ठरते.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

बैलांच्या जागी ट्रॅक्टर आल्यावर नांगराला लोळण्याची सोयही मिळाली. तव्यांच्या नांगरात फाळ नसतो. खोलगट पोलादी तवे तिरपे लावलेले असतात आणि मातीच त्यांना फिरवते. माती पत्र्यावरून सबंध लांबी सरकण्याऐवजी बरीचशी तव्याबरोबर फिरत जाते आणि पलटी होते. तव्याला चिकटलेली माती खरवडायला पाठीमागे पाते असते. म्हणून जिथे साधा नांगर माती सोडत नाही, तिथे तो चालतो. त्याची किंमत वजनाने द्यावी लागते, कारण फाळ आपल्या टोकाने जमिनीत ओढला जातो, तव्याला दाबून घालावे लागते. तव्यामागच्या तुंब्यात छर्‍यांऐवजी निमुळते रूळ असतात, आडव्या आणि उभ्या दोन्ही दाबांना टिकणारे. त्यांचा शत्रू काळी माती. रबरी सील फाटून तिचे कण आत शिरले की रूळ लोळायचे थांबतात, अडखळतात, घासतात आणि वाटीला खड्डे पडतात. ग्रीस भरताना जुने काळे ग्रीस पुरते बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत पंप मारायचा, आणि तवा हाताने हलवून सैल लागला तर हंगाम सुरू व्हायच्या आधी बेअरिंग बदलून घ्यायचे.